गाळ आणि जेट
22 जुलै 2021 ला पोलादपूरकडून सावित्री नदी गढूळ होऊन आली आणि महाड पाण्याखाली गेले. पुरात बुडालेल्या जुन्या गाडीच्या कार्बोरेटरात असा गाळ बसला, की हात आधी तारेकडे जातो. कळकळीने सांगतो, जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी भाग, तारेने कोरू नका. पितळ मऊ, भोक सुईच्या टोकाएवढे. ते जरा ओरखडले तरी पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. त्याऐवजी अल्ट्रासोनिक क्लीनर वापरा. त्याच्या कोमट साबणपाण्यात सेकंदाला सुमारे 40,000 कंपने होतात, सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही तिथला मळ सुटतो. रबरी वॉशर आधी काढा. पाण्यात तीव्र अल्कली नको, तिने ॲल्युमिनियम काळे पडते. क्लीनरच्या टाकीत पेट्रोल कधीच नको, भडका उडेल! शेवटी स्वच्छ पाणी आणि प्रत्येक वाटेत हवेचा झोत.