तजवीज

दिवाळीच्या दिवसांत आपण तीनदा यमाची आठवण काढतो. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून दिवा लावतो, नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पणाची रीत आहे, आणि भाऊबीज तर पंचांगात यमद्वितीया म्हणूनच नोंदलेली असते. ऐन सणात मृत्यूचे नाव घेण्यात आपल्या पूर्वजांना काही अभद्र वाटले नाही. आज मात्र घरात कुणी मृत्युपत्राचा विषय काढला, की ‘सणासुदीचं असलं काही बोलू नये’ म्हणून त्याला गप्प बसवले जाते. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. आयुष्याचा भरवसा नाही हे मान्य करून जो वेळेवर तजवीज करतो, त्यालाच मोकळेपणाने जगता येते.

याचा पुरावा नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात रोज पाहायला मिळतो. बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल केंद्र तिथे 2015 पासून आहे. विमान बिघडेपर्यंत वाट पाहणे या व्यवसायात बसत नाही. उड्डाणाचे ठरलेले तास भरले की ते हँगरमध्ये येते. झाकणे उघडून भेगा आणि गंज शोधला जातो. इंजिनातल्या काही भागांचे आयुष्य आधीच ठरवून दिलेले असते. ते भरले, की भाग वरून धडधाकट दिसला तरी बदलला जातो, आणि केलेल्या कामाखाली जबाबदार तंत्रज्ञाची सही होते. धातू थकतो, हे गृहीत धरूनच ही सारी शिस्त उभी आहे. म्हणूनच शेकडो माणसे विमानात निर्धास्त झोपू शकतात. धोका विसरल्याने निर्धास्तपणा येत नाही, त्याचा बंदोबस्त केल्याने येतो.

माणसाच्या बाबतीत आपण हा बंदोबस्त करत नाही. मिहानमध्येच एम्स रुग्णालय आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे लोकार्पण झाले. अशा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात एखाद्याचा मेंदू कायमचा थांबला असावा अशी शंका येते, तेव्हा 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकतात, व्हेंटिलेटर काही मिनिटे दूर करून श्वास येतो का ते पाहतात. मग प्रत्यारोपण समन्वयक नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारतो. समोर यंत्राच्या बळावर छाती वरखाली होत असते, आणि त्या माणसाला काय हवे होते हे घरात कुणालाच ठाऊक नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या; त्यांच्या जगण्यामरण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात इतरांनाच मांडावा लागला. आता तशी वेळ येऊ नये याची सोय आहे. उपचार कुठे थांबवावेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क न्यायालयाने 2018 साली मान्य केला. 2023 साली ती पद्धतही सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे आहे. हक्क मिळाला, तो वापरणारे मात्र अजून थोडे आहेत.

कुणी म्हणेल, तजवीज करून मरण थोडेच टळते? समृद्धी महामार्ग मिहानजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होतो. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 जण गेले. त्यांतल्या कुणाचीही घरची तजवीज तो अपघात थांबवू शकली नसती, हे खरेच. पण मागे राहिलेल्यांची फरफट ती नक्की कमी करते. कोणते खाते कुठे आहे, विमा कोणता, कर्ज किती, हे न कळल्यामुळे दुःखात बुडालेली घरे वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. योजना फसतातही. मिहानचे कित्येक भूखंड आजही रिकामे आहेत, आणि शिवणगाव, तेल्हारा, कलकुहीच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी या प्रकल्पासाठी गेल्या त्यांना याची जाणीव आपल्याहून अधिक आहे. परंतु योजना म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ती दरवर्षी तपासायची आणि बदलायची असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सारे पैसेवाल्यांचे चोचले, कंत्राटी कामगाराने कसली तजवीज करायची? उलट, ज्याच्या घरात एकच कमावता आहे त्यालाच तिची सर्वाधिक गरज आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. जीवन ज्योती योजनेत 436 रुपयांत तेवढाच जीवन विमा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या चालतात. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असेही समजू नये. नॉमिनी पैसे स्वीकारतो, त्यामुळे तो मालक ठरत नाही.

उद्याच्या चिंतेत आजचा आनंद नासतो, हा तिसरा आक्षेप. त्याला नागपूरनेच उत्तर दिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाने खंगले होते. तरीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी याच शहरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर 53 दिवसांनी, 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांनी लिहून ठेवला होता, म्हणूनच तो 1957 साली प्रकाशित होऊ शकला. वेळ थोडा आहे हे ओळखल्याने त्यांचे जगणे आक्रसले नाही. सर्वांत मोठे काम आधी हाती घेण्याची निकड त्यातून आली. भरभरून जगणे म्हणतात ते हेच.

वाचकहो, या दिवाळीत मुले पुण्या-बंगळूरहून, सासुरवाशिणी माहेरी येतील. फराळानंतर तासभर सगळे एकत्र बसा. खाती, विमा, देणी-घेणी एका वहीत लिहा, ती वही कुठे ठेवली ते दोघा-तिघांना सांगा, अवयवदानाबद्दल आपली इच्छा स्पष्ट बोला. आणि जी भेट, जो प्रवास, जी क्षमा पुढच्या वर्षावर ढकलली आहे, तिची तारीख त्याच बैठकीत पक्की करा.