पांदणीत रुतलेला डबल विशबोन

"सस्पेन्शन कोणतं वापरलंय?"
"सर, डबल विशबोन."
"का?"
"सर, इंडिपेंडंट असतं."
झाला व्हायवा. पुढचा रोल नंबर या!

मीसुद्धा हेच उत्तर देऊन सुटलो. चांगले मार्क पडले. पण गेल्या वर्षी ऑक्टोबरात हाच प्रश्न मला दुसऱ्या एका परीक्षकाने विचारला. तो परीक्षक म्हणजे माझे काका आणि परीक्षा हॉल म्हणजे हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावची शेताची पांदण. तिथे मी सपशेल नापास झालो. केटी लागली म्हणा ना!

आधी थोडं सांगतो, कारण हॉस्टेलमधले कॉम्प्युटरवाले आमच्या गाडीला अजून 'गो-कार्ट' म्हणतात. विद्यार्थ्यांनी स्वतः ऑफ-रोड गाडी बनवायची ही 'मिनी बाहा' स्पर्धा अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात 1976 साली सुरू झाली. एसएई इंडियाने ती 2007 पासून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आणली. अनेक वर्षं सगळ्या टीमना एकच इंजिन होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 10 हॉर्सपॉवरचं. इंजिनात हात घालायची सोय नाही, म्हणजे अक्कल दाखवायला उरतं काय? सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि वजन. म्हणून वर्कशॉपमध्ये रात्री दोन वाजता जी भांडणं होतात ती सस्पेन्शनवरूनच. बोलताना आम्ही तिला 'एटीव्ही' म्हणतो. खरं तर ती एका सीटची बग्गी. युटिलिटी एटीव्ही म्हणजे टांग टाकून बसायची, हँडलबारची, पुढे-मागे कॅरियर असलेली आणि कामाला जुंपायची गाडी. हा फरक आम्हाला फक्त व्याख्येपुरता माहीत होता.

तर झालं असं. सीनियर्सची जुनी गाडी पडून होती. दसऱ्याच्या सुट्टीत ती पिकअपवर टाकून गावी नेऊ, टेस्टिंगही होईल आणि हुरूपही येईल, असं आमचं ठरलं. नेमका त्या आठवड्यात परतीचा पाऊस झाला. सोयाबीन काढून झालेलं, मळणीही झालेली, पण कट्टे शेतातच ताडपत्रीखाली पडलेले. ट्रॅक्टर जाईना, कारण पांदणीत गुडघाभर गारा. वरून आभाळ आलेलं. भिजलेल्या सोयाबीनचं काय होतं आणि बाजारात त्याला काय भाव मिळतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांनी मेसमधल्या आपल्या मित्राला विचारावं.

काका म्हणाले, "तुमची गाडी चिखलात चालते म्हनं?"
आम्ही पाच जण एकदम म्हणालो, "हो!"

गावातल्या वेल्डरकडून मागे एक रॅक मारून घेतला. शेतापर्यंत रिकामी गाडी झकास गेली. आधी मुरमाड माळ, मग छोटा ओढा, मग काळी जमीन. पोरं मागे पळत होती, आम्ही हवेत. शेतात साठ-साठ किलोचे दोन कट्टे मागे टाकले आणि परत फिरलो. चारशे पावलांवर गाडी बसली. बसली म्हणजे चाकं फिरतायत, चिखल उडतोय आणि गाडी आहे तिथेच! खाली वाकून पाहिलं तर मागचे खालचे विशबोन नांगराच्या फाळासारखे मातीत घुसलेले, आणि स्किड प्लेट चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकलेली. पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल इतका गच्च बसला होता की स्टिअरिंग वळेना. शेवटी बैलजोडी आणली. बैलांनी गाडी ओढून काढली आणि मग तेच कट्टे बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून घरी आले. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे खालचे दांडके येवढे खाली कशाला लोंबवलेत?"

हाच तो प्रश्न. आणि "इंडिपेंडंट असतं" हे उत्तर त्यांना कसं देणार?

हॉस्टेलवर आल्यावर शांतपणे हिशोब केला. आमच्या मागच्या दोन्ही चाकांचा मिळून रेट होता मिलिमीटरला 20 न्यूटन. दोन कट्टे 120 किलो, म्हणजे साधारण 1180 न्यूटन. भागाकार करा: मागची बाजू 59 मिलिमीटर, सव्वादोन इंचांच्यावर खाली गेली. हे वजन बरोबर ॲक्सलवर असेल तर! आमचा रॅक होता ॲक्सलच्याही मागे, म्हणजे तरफ. मागचं आणखी दबलं आणि पुढचं हलकं झालं. पुढच्या चाकांवर वजनच नाही तर ती चिखलात वळवणार कशी? हा हिशोब दुसऱ्या वर्षाच्या पोराला येतो. आम्ही तो केला नव्हता, कारण आमच्या रिपोर्टमध्ये 'लोड' म्हणजे ड्रायव्हर. बस.

त्यावर टीममध्ये एक ज्ञानी म्हणाला, "प्रीलोड वाढवायचा ना, स्प्रिंग कडक झाली असती." हा आपल्या वर्कशॉपमधला सर्वांत लाडका गैरसमज. प्रीलोड वाढवल्याने साधी स्प्रिंग कडक होत नाही. तिचा रेट तोच राहतो, गाडी फक्त वर उचलली जाते. मग रिकामी असताना ती मुरमावर टणाटण उडते. कडक स्प्रिंग घातली तरी तेच. कामाच्या गाडीचं खरं दुखणं इथे आहे: जाताना रिकामी, येताना भरलेली. आपल्या गावचा टेम्पोवाला हे जाणतो, म्हणून त्याच्या मागच्या पाट्यांना हेल्पर पाटा असतो. वजन पडेपर्यंत तो कामाला येत नाही. हीच युक्ती दोन रेटच्या स्प्रिंगने आपल्यालाही जमेल, पण टेम्पोखाली वाकून बघतो कोण? आपण सीनियर्सचा रिपोर्ट बघतो.

दुसरी गोष्ट चिखलाची. आपली काळी माती बेसॉल्टची, माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली. पाणी प्याली की फुगते आणि चिकटते, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. ती टायरच्या खाचांत बसली की खाचा संपतात आणि टायर गुळगुळीत होतो. शिवाय चाक जड होतं. आपण अनस्प्रंग मास कमी करायला हब घासूनपुसून पाव किलो वाचवतो, आणि पांदण एका चाकाला कित्येक किलो माती फुकट चिकटवते! मग डॅम्परचं सगळं ट्यूनिंग गेलं वाहून. इथे रिम आणि आर्ममधली मोकळी जागा, माती आपोआप गळून पडेल असा आकार आणि सहज काढता येणारे नट या गोष्टी दोन इंच जास्त ट्रॅव्हलपेक्षा मोलाच्या आहेत.

तिसरी, काट्यांची. इंडिपेंडंट मागचं सस्पेन्शन म्हणजे दोन हाफ शाफ्ट आणि त्यांच्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट. धुऱ्यावरच्या बोराटीने आमचा एक बूट फाडला. ग्रीस बाहेर, माती आत. तूर काढल्यावर उभी राहणारी खुंटं तर टायरलाही सोडत नाहीत. तो बूट सेनगावात मिळाला नाही. बेअरिंग मात्र कुठल्याही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं.

आता माझं मत सांगतो, मान्य नसेल तर रूमवर येऊन भांडा. शेताच्या वाटेवर प्रश्न मऊपणाचा नसतो. चारही चाकं जमिनीला लागून राहतात का, आणि वजन टाकल्यावर पोट वर राहतं का, हा असतो. बैलगाडीला कुठे स्प्रिंग असते? मोठं चाक आणि मंद चाल, एवढ्यावर ती जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सललाही स्प्रिंग नसते. पुढचा ॲक्सल मात्र मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकी तीन हवेत लटकत नाहीत. होंडाने 1970 मध्ये आणलेल्या तीन चाकी एटीव्हीलाही सस्पेन्शन नव्हतं. कमी हवेचे फुगीर टायर हेच तिचं सस्पेन्शन. (ती तीनचाकी उलटायची फार. अमेरिकेत 1988 मध्ये कंपन्यांना नव्या तीनचाकींची विक्री बंद करावी लागली. म्हणून तीन चाकं नकोत, पण टायरची गोष्ट लक्षात ठेवा.) आमच्या टायरमध्ये त्या दिवशी हवा किती होती? मोजलीच नव्हती. गावच्या पंक्चरवाल्याने 'टाईट' भरली होती. एटीव्हीचे टायर साधारण पाच ते सात पीएसआयवर चालवायचे असतात. आमचे खाद्याच्या दुकानातल्या फुग्यासारखे टणक झाले होते.

म्हणून मागे मी सॉलिड ॲक्सल घेईन. डबल विशबोनमध्ये वजन पडलं की मधलं पोट खाली येतं, कारण ते चासीला बांधलेलं असतं. सॉलिड ॲक्सल चाकांना बांधलेला असतो. 25 इंची टायरचा मध्य साडेबारा इंचांवर, ॲक्सलची नळी त्याखाली दीड इंच. म्हणजे नळीखाली 11 इंच. दोन कट्टे टाका की तीन, टायर दबेल तेवढाच फरक. "पण मधे स्प्रॉकेट लटकतं आणि उंचवट्याला घासतं", हा आक्षेप खरा आहे. त्याच कारणाने परदेशी महागड्या युटिलिटी एटीव्ही इंडिपेंडंटकडे गेल्या. पण स्प्रॉकेट मधेच हवं असं कुणी सांगितलं? ते चाकाजवळ सरकवा, खाली चाकोरी येते, उंचवटा नाही. डिफरन्शियल नसेल तर वळणावर गाडी सरळ ढकलते, हेही कबूल. आणि माळावर वेगात हाणली तर पाठ मोडेल, तेही कबूल. पण कट्टे लादून वेगात कोण हाणणार आहे?

आमच्या टीम लीडरचं म्हणणं वेगळं. "स्पर्धा कोरड्या दिवसांत असते, पॉइंट एन्ड्युरन्सला आहेत, तुझ्या पांदणीला पॉइंट नाहीत." बरोबर आहे बाबा. स्पर्धेच्या गाडीला डबल विशबोनच ठेवा. उड्या मारायच्या, वेगात वळायचं, तिथे त्याला तोड नाही. माझी तक्रार स्पर्धेबद्दल नाहीच. तक्रार ही आहे की स्पर्धेसाठी शोधलेलं उत्तर आपण फायनल इयरच्या 'शेतीसाठी बहुउद्देशीय वाहन' नावाच्या प्रोजेक्टलाही जसंच्या तसं चिकटवतो. दरवर्षी निदान एक असा प्रोजेक्ट होतोच. त्यात फवारणी पंपाचं चित्र असतं, सौर पॅनेल असतं, पण खताच्या पोत्याचं वजन नसतं. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली, हे त्या रिपोर्ट लिहिणाऱ्यांपैकी कितींना माहीत आहे? सर लोकांनाही विनंती आहे, रागावू नका. व्हायवाला "सस्पेन्शन कोणतं" याच्याऐवजी "किती किलोवर किती मिलिमीटर दबतं" एवढं विचारा. अर्धी बॅच घरी जाऊन कागद-पेन काढेल.

आणि सिव्हिलवाले हसतायत ते मला दिसतंय. त्यांचं म्हणणं, गाडी कशाला सुधारता, रस्ता करा! खरंच आहे. पांदणीला दोन्ही बाजूंनी नाली, ओढ्यावर पाइप आणि वर दाबलेला मुरूम, एवढं झालं तर माझा हा सगळा लेख रद्दीत जाईल आणि मला आनंदच होईल. सरकारने 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली, काही गावांत कामं झालीही. आमच्या गावची पांदण अजून आहे तशीच आहे. रस्ता होईपर्यंत कट्टे डोक्यावरून आणायचे का? शिवाय अशा गाडीने ओल्या पांदणीत रोज फेऱ्या मारल्या तर चाकोऱ्या आणखी खोल होतील, हेही आमच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनीच सांगितलं, "वापसा होऊ द्यायचा असतो, गडबड करून जमत नाही." वाफसा आमच्या कुठल्याच टेस्ट शेड्यूलमध्ये नव्हता.

असो. जुन्या गाडीचा मागचा भाग आम्ही कापलाय. वर्कशॉपच्या मागे जो सांगाडा गंजत पडलाय असं सगळ्यांना वाटतंय तो भंगार नाही, कृपया त्यावर टॉवेल वाळत घालू नयेत. ॲक्सल टर्न करून झालाय, स्प्रॉकेट चाकाजवळ घेतलंय, रॅक ॲक्सलच्या बरोबर वर आलाय. दोन रेटच्या स्प्रिंगा अजून मिळालेल्या नाहीत. सोयाबीनच्या वेळी पुन्हा गावी जायचं ठरलंय. काकांनी बैलजोडी तयार ठेवतो म्हणून आधीच कळवलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी नाव द्यावं, गमबूट आणि फावडं आपापलं आणावं. जेवण काकू बघतील.