पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं



गळीत हंगामात शेती खात्याच्या माणसाला पहाट नवी नाही. टोळी फडात उतरली की नाही हे बघायला मी चार-साडेचारला मोटारसायकल काढतो, तेव्हा रस्त्यावर माझ्याआधी दोन प्रकारची मंडळी हजर असतात. एक, उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर. दुसरी, पोलीस भरतीसाठी पळणारी आपलीच पोरं-पोरी. वर धुकं, ट्रेलरला मागे लाल दिवा नाही आणि पोरांच्या अंगात काळे टी-शर्ट. गेल्या हंगामात एका वळणावर ट्रेलरबाहेर आलेल्या उसाचा फटका बसून एक पोरगा माझ्यासमोर चरीत पडला. खांदा खरचटण्यावर भागले. रिफ्लेक्टरचे बघा म्हणून मी वाहतूक विभागाच्या मागे लागलोच आहे, पण माझा प्रश्न निराळा आहे. ही पोरं रस्त्यावर का पळतात? मैदान नाही म्हणून. आणि अठराव्या वर्षीच का पळायला लागतात? त्याआधी कुणी पळवलेच नाही म्हणून.

भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते. एवढी तयारी चार महिन्यांत करायला जातात आणि नडगी धरून बसतात. आता तुम्हीच सांगा, लागणीनंतर पहिले चार महिने उसाकडे बघायचे नाही आणि मग एकदम युरियाची पोती ओतायची, तर फुटवे कुठून येणार?

याच्या उलटी चूकही आपण करतो. जयंती आली की डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटरची स्पर्धा, त्यात दहा वर्षांचे पोर अनवाणी, आणि शेवटी ढाल. दुसऱ्या दिवसापासून वर्षभर सामसूम. कोवळा ऊस तोडला तर उतारा मिळत नाही हे ज्याला कळते, त्याला हेही कळायला हवे. अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनच्या आंतरजिल्हा स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलांना ट्रायथलॉन ठेवला आहे, म्हणजे धावणे, उडी अशा तीन प्रकारांचे गुण एकत्र धरायचे. कारण त्या वयात अंगाला सगळे वळण लागले पाहिजे, एकाच गोष्टीचा घाणा नको.

म्हणून माझे मत असे, आणि ते माझे स्वतःचे आहे, कारखान्याचे नव्हे: आपल्या कार्यक्षेत्रात वर्षभर चालणारा अ‍ॅथलेटिक्सचा क्लब हवा. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी, नऊ-दहा वर्षांपासूनच्या मुलामुलींसाठी, हजेरीच्या वहीसह.

खेड्यात हे होत नाही असे कुणी म्हणू नये. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे सुरुवातीला मक्याच्या भुश्याच्या गादीवर उंच उडी मारायला शिकला. ती गादी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी जमवली होती. हाच सर्वेश २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. त्याच तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशन मुलामुलींचे खेळ चालवते. पाण्यासाठी टँकर लागणारा तो तालुका! आणि आपण बारमाही बागायतदार.

जागेचे म्हणाल तर पूर्ण ४०० मीटरच्या ट्रॅकला चार एकर लागतात, ते सोडून द्या. पण २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅक चाळीस गुंठ्यांत बसतो. लेनची रुंदी १.२२ मीटर. मधल्या मोकळ्या जागेत लांब उडीचा वाळूचा खड्डा आणि गोळ्याचे वर्तुळ. रबरी ट्रॅकच पाहिजे असे नाही. १९६८ च्या मेक्सिकोपर्यंत ऑलिंपिकसुद्धा कोळशाच्या खंगरावर आणि मातीवर झाले. आपल्याकडे मुरूम आहे, रोलर आहे, पाणी मारायला टँकर आहे. विकत आणावा लागेल तो फक्त शिकलेला कोच, आणि त्याचा पगार दर महिन्याला निघाला पाहिजे. एकरकमी देणगीने हे काम चालत नाही.

पैशाचे नाव काढले की सभेत आवाज चढतो, हे मी मागच्या रांगेत उभे राहून ऐकलेले आहे. टनाला पन्नास पैसे धरले तर पाच लाख टन गाळपाला अडीच लाख होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्याला पन्नास रुपये. सहकारी कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिले, मॅटवरच्या कुस्त्या भरवल्या, ते कुणाला जड वाटले नाही. मग पळणाऱ्या पोरीने काय घोडे मारले?

पोरीवरून आठवले. बीडकडच्या एका टोळीतली दहा-अकरा वर्षांची मुलगी फडात भाकरी घेऊन निघाली होती. माझी गाडी बघून बांधावरून शर्यत लावली. मी दुसऱ्या गिअरमध्ये, ती डोक्यावर टोपलं धरून, आणि पाटापर्यंत ती पुढे! तिचे नाव तिच्या गावच्या शाळेत, ती सहा महिने आपल्याकडे, कोपीत. कुठल्याच मैदानाच्या वहीत ती नाही. त्याच जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटर लांब. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी त्याचे सुवर्ण हुकले आणि रौप्य मिळाले. पण स्पर्धेच्या धावण्याला तो लागला लष्करात गेल्यावर, विशीत.  म्हणून क्लबच्या वहीत साखरशाळेतल्या मुलांची नावे आपल्या मुलांच्या बरोबरीने असावीत, असा माझा आग्रह राहील. कुणाला आवडो न आवडो.

गट ऑफिसच्या मागची पडीक जागा मी चिटबॉयला घेऊन टेपने मोजली. लांबी ९८ मीटर, रुंदी ४५ मीटर, म्हणजे त्रेचाळीस गुंठे. बाभळी काढाव्या लागतील आणि पूर्वेकडचा कोपरा दोन फूट भरावा लागेल. नकाशा ऑफिसात ठेवला आहे. वार्षिक सभेपुढे हा विषय यावा असे ज्यांना वाटते त्यांनी शेअर नंबर घालून लेखी सूचना द्यावी. तोंडी नको, तोंडी सूचना आम्हीही विसरतो.