ताटाची स्वच्छता आणि जागेची शाश्वती

बदलीच्या नोकरीत गावाबरोबर ताटही बदलते. महाराष्ट्राबाहेर दीर्घकाळ राहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिले काही महिने तो वरण-भात आणि पोळी-भाजी शोधत राहतो. पुढे केव्हातरी हा शोध थांबतो आणि परिसरात जे शिजते ते तो खाऊ लागतो. माझ्या मते वस्तीशी त्याची खरी ओळख तेव्हापासून सुरू होते. येथे कोण राहतो, कोठून आला, किती कमावतो आणि संध्याकाळी घरी त्याच्यासाठी चूल पेटते की नाही, हे शासकीय तक्त्यांपेक्षा कोपऱ्यावरच्या खानावळीत लवकर कळते.

उदाहरणादाखल दिल्लीतील यमुनेच्या पूर्वेकडील मयूर विहार, पटपडगंज आणि पांडव नगर हा पट्टा घेऊ. एका बाजूस नोकरदारांच्या गृहनिर्माण संस्था, दुसऱ्या बाजूस दाट भाड्याच्या वस्त्या. मयूर विहारात केरळीयांची मोठी वस्ती आहे, गुरुवायूरप्पाचे मंदिर आहे. साहजिकच सकाळी पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला मिळते. दुपारी हातगाडीवर तिरक्या ठेवलेल्या पितळी हंड्यातून पांढऱ्या वाटाण्यांची उसळ आणि कुलचे. संध्याकाळी निखाऱ्यांवर भाजलेल्या, सातूचे पीठ भरलेल्या लिट्ट्या आणि वांग्या-बटाट्याचा चोखा. शेजारीच मोमोंचे वाफाळते डबे. स्थलांतराचा नकाशा काढायचा असेल तर एवढी फेरी पुरेशी आहे.

मात्र या फेरीला निघणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक भेद विसरू नये. आपल्यासाठी हा रुचिपालट असतो. आपल्याच इमारतीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा रखवालदार, एका खोलीत चौघांसह राहणारा स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी, रात्रपाळीचा चालक यांचे मात्र ते स्वयंपाकघरच असते. म्हणूनच या खानावळींचा प्रश्न चवीपुरता राहत नाही. तो नागरी प्रशासनाचा प्रश्न होतो.

आता नेहमीचा आक्षेप : हे अन्न स्वच्छ असते काय? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील प्रसिद्ध निबंध आठवावा. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले की मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. या परंपरेतील कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शिजलेले अन्न नेमके याच जातीचे आहे. तेल कितव्यांदा तापले आणि चटणीत कोणते पाणी पडले, हे ताट पाहून समजत नाही.

परंतु उपनगरातील खानावळीला या नियमातून एक पळवाट सापडते, आणि ती म्हणजे पुनरावृत्ती. रेल्वे स्थानकावरील विक्रेत्याची त्याच प्रवाशाशी पुन्हा गाठ पडेलच असे नाही. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याची तीच माणसे उद्या पुन्हा येतात. एका माणसाचे पोट बिघडले तर ती वार्ता संध्याकाळपर्यंत अख्ख्या फाटकावर पसरते. उद्याचा ग्राहक टिकवण्याची चिंता हाच त्याचा सर्वांत कडक निरीक्षक असतो.

मात्र या चिंतेला एक अट आहे. उद्या आपण याच जागी असू, याची विक्रेत्याला खात्री हवी. ज्याची गाडी पालिकेचे पथक केव्हाही उचलून नेऊ शकते, तो पाण्याच्या गाळणीवर किंवा झाकणाच्या पेटीवर पैसे का घालील? त्याची दृष्टी संध्याकाळच्या गल्ल्यापुरतीच राहते, आणि तीही तर्कसंगतच म्हणावी लागेल. अस्वच्छतेचे मूळ आपण विक्रेत्याच्या अज्ञानात शोधतो. मला ते बहुतांशी त्याच्या अनिश्चिततेत दिसते.

या पट्ट्यात फिरताना याचा प्रत्यय पदोपदी येतो. ज्याला गाळा आणि नळजोडणी आहे तो भांडी वाहत्या पाण्यात धुतो. शेजारच्या गाडीवाल्याकडे दिवसभरासाठी दोन बादल्या असतात. म्हणून तो थाळीवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतो आणि ग्राहक उठला की पिशवी फेकतो. थाळी धुण्याचा प्रश्न सुटतो, पण १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे! एक नळ नसल्यामुळे एक माणूस रोज एक कायदा मोडतो, आणि कायदा मोडणारा माणूस हप्ता मागणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही. अशा हप्त्याची वसुली अखेर ताटाच्या किमतीतून किंवा दर्जातून होते.

कायदे नाहीत अशी स्थिती नाही. सोदान सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच मान्य केले की रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्याहून पुढे गेला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवू नये, हटवायचेच तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण व्हावे आणि नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत, हे सर्व त्यात लिहिलेले आहे. २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यानेही किरकोळ बाजारात दर दहा दुकानांमागे तीन ते चार अनौपचारिक विक्रेत्यांची तरतूद सुचवली होती. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी केवळ नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये इतके अल्प ठरवले.

उणीव आहे ती क्रमाची. जून २०२० मध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी खेळत्या भांडवलाची कर्जयोजना सुरू केली. पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता, २०२५ मध्ये तो १५,००० करण्यात आला. योजना निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु अनेक शहरांत सर्वेक्षणे आणि विक्रीक्षेत्रांची आखणी रेंगाळलेलीच राहिली. परिणामी शासनाचा एक हात ज्याला कर्ज देतो, त्याचीच गाडी दुसरा हात उचलून नेतो. भांडवल आधी आणि जागा नंतर, हा क्रम अर्थशास्त्रात बसत नाही आणि व्यवहारातही टिकत नाही.

चार भिंतींच्या आतल्या उपाहारगृहांना सुधारणांचा लाभ तुलनेने लवकर मिळतो. दिल्लीत भोजनालयासाठी पोलिसांचाही परवाना लागत असे. जून २०२५ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. अन्न शिजवणाऱ्याला पोलिसांचा परवाना कशाला, हा प्रश्न योग्यच होता. तोच विवेक भिंती नसलेल्यांच्या बाबतीतही दाखवला पाहिजे.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. पदपथ पादचाऱ्याचा आहे. काठी टेकीत जाणाऱ्या ज्येष्ठाला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या मातेला गाड्यांमुळे रहदारीत उतरावे लागत असेल, तर 'गरिबाचे पोट' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. कायद्यानेही विक्रेत्यांच्या संख्येला लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादा घातली आहे. परंतु कोणती जागा विक्रेत्याची नाही हे ठामपणे सांगण्याचा नैतिक अधिकार प्रशासनाला तेव्हाच मिळतो, जेव्हा कोणती जागा त्याची आहे हे त्याने आधी आखून दिलेले असते. जमिनीवर रेघ ओढली की तिच्या अलीकडच्याला संरक्षण देता येते आणि पलीकडच्याला हटवताही येते. रेघच नसेल तर उरतो तो केवळ पथकाचा स्वेच्छाधिकार, आणि त्याचा बाजारभाव सर्वांना ठाऊक असतो.

तोवर खाणाऱ्याने काय करावे? गर्दीच्या वेळी जावे, कारण तेव्हा शिजलेला पदार्थ पडून राहत नाही. समोर वाफवलेले, भाजलेले वा उकळते असेल ते निर्धास्त घ्यावे. धोका बहुधा कच्च्या चटणीत, कापून ठेवलेल्या कांद्यात आणि पाण्याच्या पेल्यात असतो. तेल काळवंडलेले व फेसाळ दिसले तर पुढे चालू लागावे. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांना १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती मोजण्याचे उपकरण आपल्या खिशात नसते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देऊ लागला तर सौजन्याने नको म्हणावे. चार ग्राहकांनी तसे सांगितले की पाचव्यासाठी विक्रेता आपणहून पान किंवा द्रोण ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

यापलीकडेही आपल्या हाती काहीतरी आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकजण परप्रांतांतील आपापल्या गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी असतील. नगर पथविक्रेता समितीत निवासी कल्याण संघांच्या प्रतिनिधींनाही कायद्याने स्थान दिले आहे. त्या खुर्चीत बसून आजवर आपण बहुधा 'यांना हटवा' एवढीच मागणी केली. त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात : जमिनीवर आखलेली व क्रमांक दिलेली जागा, तिच्याजवळ एक नळ, आणि सांडपाण्याला एक गटार. यांचा खर्च पथकाच्या वारंवार होणाऱ्या फेऱ्यांपुढे फारसा ठरू नये. फाटकावरच्या रखवालदाराला यामुळे स्वच्छ ताट मिळेल. आणि ते वाढणाऱ्याला उद्या पथक येईल काय या धास्तीऐवजी उद्या ग्राहक येईल काय, एवढीच काळजी उरेल.