‘अहो, लवकर चला!’ म्हणण्याआधी

घरात कुणाला पार्किन्सन्स असेल, तर हे तुम्ही नक्की पाहिलं असेल. टीव्ही बघताना बाबांचा हात मांडीवर शांत असतो. पाहुणे येतात, ‘आता कसं वाटतंय?’ विचारतात आणि तोच हात थरथरायला लागतो. मग कुणीतरी म्हणतंच, “आत्ता तर बरे होते!” त्यातला ‘नाटक करताय’ हा सूर त्यांना बरोबर कळतो.

नाटक नसतं ते. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. तुम्ही-मी चालताना पावलांचा विचार करत नाही, मेंदू ते परस्पर उरकतो. डोपामिन कमी पडलं की हे परस्पर होणारं काम अडतं आणि प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं. ताण आला की ते लक्षच पळतं. शिवाय ताणात ॲड्रेनालिन, नॉरॲड्रेनालिन वाढतं. तोंडी परीक्षेला आपलेही हात कापतात, इथे तर कंप आधीपासूनच आहे. डॉक्टर १०० मधून ७-७ वजा करायला सांगतात ते गणित तपासायला नव्हे, तेवढ्या ताणानेही दबलेला कंप वर येतो म्हणून. अशा वेळी लेव्होडोपाच्या गोळीचा कंपावरचा परिणामही कमी पडतो, असं अभ्यासात दिसलंय. त्यामुळे “गोळी घेतली ना?” असं दरडावून उपयोग नाही.

आता आपल्या बेंगळुरूमधली कुठलीही सोसायटी डोळ्यांसमोर आणा. लिफ्टचं दार उघडलंय, आत चार जण थांबलेत, आणि आजोबांचे पाय उंबऱ्यावर चिकटलेत. अरुंद जागा, दार, गर्दी, घाई... पाय थिजायला याहून पोषक काही नाही! त्यात मागून “लवकर चला” आलं की संपलंच. हात धरून ओढू तर नकाच. धड पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो.

लिफ्ट जाऊ द्या. त्यांना आधी स्थिर उभं राहू द्या. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा आणि ‘एक-दोन, एक-दोन’ मोजा. फरशीची रेघ ओलांडायला सांगितलं तरी अनेकांचं पाऊल सुटतं. ताल आणि खूण यांना मेंदू दुसऱ्या वाटेने प्रतिसाद देतो. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवत आले आहेत, ते उगाच नाही.

गंमत म्हणजे कधी उलटंही होतं. आग लागली, गाडी अंगावर आली, की एरवी पाऊल न उचलणारा माणूस क्षणभर चक्क धावतो! डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे. धोका टळला की पाय पुन्हा जड. तेव्हा “त्या दिवशी कसे पळालात?” असं म्हणून दाखवू नका.

आणि एक. सततची घबराट हा पुष्कळदा या आजाराचाच भाग असतो, स्वभाव नव्हे. त्यावर उपचार आहेत, पण न्यूरॉलॉजिस्टला ते सांगावं लागतं. गोळ्या मात्र मनाने वाढवू नका. पाय कुठे, किती वाजता थिजतात आणि गोळी घेऊन किती वेळ झालेला असतो, हे आठवडाभर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बाबांना विचारून छोटा व्हिडिओही काढा. तपासणीच्या खोलीत सगळं दिसतंच असं नाही.