बावन्न दरवाजे आणि कोरडे नळ

औरंगाबादचा विषय निघाला की कोणीतरी "बावन्न दरवाजांचं शहर" असं म्हणणारच. गाईड म्हणतात, नेते म्हणतात, शाळेतली पोरं निबंधात लिहितात. मला आताशा या वाक्याचा राग येतो. का ते सांगतो.

दरवाजाला अर्थ कधी असतो? भिंत असते तेव्हा. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधून घेतला. चार मोठे दरवाजे: दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का. जिकडे तोंड, तिकडचं नाव. इतका साधा हिशोब. आज तटाचे जेमतेम तुकडे उरलेत आणि बरेचसे दरवाजे रहदारीत एकटे उभे आहेत. स्मार्ट सिटीच्या पैशातून काहींची डागडुजी झाली, दिवे लागले, लोक सेल्फी काढतात. चांगलंच आहे की! पण यालाच 'वारसा जपणं' म्हणायचं असेल तर माझी हरकत आहे. या शहराचा खरा वारसा जमिनीच्या वर नाही, खाली आहे.

हे शहर औरंगजेबाने वसवलेलं नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावाच्या जागी ते वसवलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. १६१२ चा भडकल दरवाजा हे त्याने मुघलांवर मिळवलेल्या विजयाचं स्मारक. पण त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे नहर-ए-अंबरी. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी गोळा करायचं, जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणायचं, मध्ये हवा बाहेर पडायला आणि दाब सांभाळायला मनोरे उभारायचे. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. सतराव्या शतकाच्या अखेरीस याच धर्तीवर पाणचक्कीला पाणी आलं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ दळून निघालं.

आता गंमत बघा. आजचं शहर नाथसागरातून पाणी पंपाने वर चढवून पितं. धरण शहराच्या खालच्या अंगाला, म्हणजे विजेचं बिल जन्माचं! आणि एवढं करून २०२२ मध्ये अनेक वस्त्यांत आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं, त्यासाठी मोर्चे निघाले. ज्या शहराचा पायाच पाण्याच्या नियोजनावर घातला गेला, त्या शहरात बायाबापड्यांनी टँकरची वाट बघायची आणि आम्ही दरवाजांवर रंगीत दिवे सोडायचे?

आम्हाला भांडायला मात्र नाव पुरतं. २०२३ मध्ये शहर अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. त्याआधी कित्येक वर्षं निवडणुका या एका विषयावर लढवल्या गेल्या. नावाबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. पण एका बाजूला "हा परक्यांचा वारसा, आपल्याला काय त्याचं" म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला "हा आमचा वारसा" म्हणत छाती फुगवणारे, दोघांच्याही डोळ्यांदेखत नहरींवर बांधकामं उठली, नळ फुटले, झरोके बुजले. तेव्हा कोणाचीच अस्मिता दुखावली नाही.

परक्यांचा म्हणणाऱ्यांनी तर जरा इतिहास उघडावा. १६२४ ची भातवडीची लढाई मलिक अंबर मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेविरुद्ध लढला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी त्याच लढाईत पडले. भोसल्यांचं वेरूळ या शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. आता यात परकं कोण आणि आपलं कोण, हे ज्याने त्याने ठरवावं.

"अहो, पण त्या नहरीने आजच्या शहराची तहान भागणार आहे का?" असा प्रश्न येतो. नाही भागणार. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. नहर हा जायकवाडीला पर्याय नव्हे, आणि तसं कोणी शहाणा माणूस म्हणतही नाही. पण बागांना, झाडांना, जुन्या हौदांना पिण्याचं पाणी कशाला हवं? जिवंत असेल तेवढी नहर त्यासाठी वापरा ना. आमच्या धंद्यात चालू असलेली जुनी सिस्टीम कोणी समजून न घेता बंद केली, तर त्याला रात्री दोन वाजता फोन येतो. इथे फोन करायचा कोणाला?

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक नहरीचा मार्ग शहराच्या विकास आराखड्यात ठळक रेषेने दाखवा. त्या रेषेवर बांधकामाला परवानगी देऊ नका. बुजलेले झरोके उघडा. एखादी तरी नहर गाळ काढून वाहती करून दाखवा. दिव्यांवर केलेला खर्च लगेच दिसतो, गाळ काढलेला दिसत नाही, त्याच्या फिती कापता येत नाहीत, हे मला कळतं. पण चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने तरी कुठे दिसेल असं काम केलं होतं? त्याने ते जमिनीखाली गाडलं, आणि लोकांना पाणी मिळालं.

दरवाजे बावन्न की किती, ते नंतर मोजू. आधी पाण्याचं बघा.