आधी यादी, मग शोध

1 नोव्हेंबर 1956 रोजी उदगीर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले; भालकी आणि औराद म्हैसूर राज्यात. तोवर हे सगळे हैदराबाद राज्याच्या एकाच बिदर जिल्ह्यातले तालुके होते. म्हणून या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांचे सोयरेच नव्हे, जमिनीही सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि कागद चार लिप्यांत: निजामी काळातल्या उर्दू नकला, वाडवडिलांची मोडी, कर्नाटकातली कन्नड पहाणी, महाराष्ट्रातला सातबारा.

आता हे कागद ट्रंकेतून निघून मुलाच्या लॅपटॉपवर आले आहेत. कुणी मोबाइलने फोटो काढले, कुणी झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतले. तरी वाटणीची किंवा पीककर्जाची वेळ आली की नेमका कागद मिळत नाही. स्कॅन म्हणजे चित्र. त्यातला गट नंबर साधा शोध वाचू शकत नाही, मग मोडी तर दूरच. शिवाय फाइलींची नावे म्हणजे यंत्राने दिलेले आकडे. अशा ढिगाऱ्यात लिपी कोणतीही असो, हाताला लागणारी पहिली खूण एकच: फाइलीचा प्रकार.

ती खूण धरून यादी काढायला पायथॉन भाषेतल्या चार-पाच ओळी पुरतात. तिच्यातल्या ‘पाथलिब’ या साधनाला फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि त्याच्या ‘ग्लॉब’ला नमुना: तारा, टिंब, पीडीएफ. तारा म्हणजे नाव कोणतेही चालेल. पण एवढ्यावर थांबणाऱ्याचे कागद सुटतात. ‘ग्लॉब’ असा वापरला तर आतल्या फोल्डरांत उतरत नाही. त्यासाठी ‘आरग्लॉब’ हवे. लिनक्सवर मोठ्या इंग्रजी अक्षरांतले पीडीएफ आणि लहान अक्षरांतले पीडीएफ वेगळे धरले जाते, म्हणून फाइलीच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, आधी लहान अक्षरांत बदलून मगच तपासावे. फोटोंना जेपीजी, जेपीईजी आणि आयफोनचे एचईआयसी अशी तिन्ही शेपटे लावून पाहावीत. आणि शेपूट म्हणजे फक्त चिठ्ठी. नाव बदलताना कुणी ते खोडले, तर पीडीएफ यादीतून गळते. आतला मजकूर मात्र खोटे बोलत नाही: पीडीएफ फाइलीच्या अगदी सुरुवातीला टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही अक्षरे असतात. जमिनीच्या कागदासाठी ही दुसरी तपासणी केलीच पाहिजे. यादीत नसलेला कागद घरच्यांच्या लेखी हरवलेलाच असतो.

संगणकाच्या तासाला मुलांना मूळ संख्या छापायला लावतात. त्यात गैर काही नाही, पण भालकी, औराद, आळंदच्या मुलाला त्याच तासात घरच्या कागदांची यादी करायला शिकता आले, तर त्या शिक्षणाचा उपयोग त्याच्या आजीलाही कळेल. यादीत नाव, तारीख, आकार आणि फोल्डर एवढे रकाने असावेत. कागद कशाचा, हा रकाना घरातल्या जाणत्या माणसाला विचारून भरावा. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे आहेत तोवरच तो भरून होईल.

या कामाला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे कागद घराबाहेर जाण्याचे भय नाही. सीमाभागातल्या संगणक शिक्षकांनी येत्या सत्रात हा पाठ घ्यावा, ही कळकळीची विनंती.